फोनला खरं सांगा

बुधवार, रात्री उशिरा

आज जरीपटक्यात कुणाची तरी वरात होती. फटाक्यांची लड लागली तशी बाबांनी उठून एकेक खिडकी लावून घेतली. कामठीच्या गार्ड्स सेंटरमध्ये, फौजेच्या प्रशिक्षण केंद्रात, घडलेला माणूस, १९८७ मध्ये शांतिसेनेबरोबर श्रीलंकेला गेलेला. आई म्हणायची, "त्यांना आवाज सोसत नाही." त्या त्रासाचं निदान घरात तेवढंच झालं होतं.

त्यांच्या फोनवर मी मध्यंतरी 'पीटीएसडी कोच' टाकून दिलं होतं; पीटीएसडी म्हणजे युद्धासारख्या मोठ्या धक्क्यानंतर मनात मागे राहणारा त्रास. अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या खात्यानं २०११ मध्ये काढलेलं ॲप, फुकट. नावगाव विचारत नाही, म्हणूनच बाबा तयार झाले; एरवी पेन्शनच्या कागदांत कुठे नोंद होईल ही धास्ती. आज ते स्वतःहून उघडलं. आत्ता त्रास किती, शून्य ते दहा? बोट सरकवत आठवर नेलं, माझ्याकडे पाहिलं आणि सहावर आणलं.

"बाबा, मला नका दाखवू. फोनला खरं सांगा."

परत आठ. इतक्या वर्षांत "बरं आहे"च्या पुढे जे गेलं नाही, ते आज आकड्यात का होईना, बाहेर आलं.

मग श्वासाचा व्यायाम. ॲप इंग्रजीत, म्हणून मी मराठीत सांगायला लागले, तर म्हणतात, "थांब गं, ड्रिल मला नको शिकवू." आणि एक-दो-एक करत स्वतःच श्वास मोजायला लागले. थोड्या वेळानं आकडा पाचावर आला. लगेच बातम्या लावल्या, तो भाग वेगळा!

पण रात्री दोनला दचकून उठलेल्या माणसाला फोनचा पडदा पुरणार नाही, पलीकडून कुणी बोललं पाहिजे. त्यासाठी १४४१६ त्यांच्या फोनमध्ये सेव्ह करून ठेवला. टेली-मानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. फौजेसाठी पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात, २०२३ मध्ये त्यांचा वेगळा कक्षही सुरू झाला. लावतील की नाही, देव जाणे. अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की बाबा आधी हवापाण्याचंच बोलतात.

उद्या बीपीच्या गोळ्यांसाठी ईसीएचएसला, माजी सैनिकांच्या दवाखान्यात, जायचंच आहे. ॲपमधले आकडे डॉक्टरांना दाखवू या का, विचारलं. "बघू," म्हणाले. मग आतून आवाज दिला, "फोन चार्जिंगला लावलास का? आणि कार्ड विसरू नको."