नळ सोडून बोलणाऱ्या बाई

लंडनला कानांच्या दवाखान्यात काम करते. दिवसाकाठी आठ-दहा पेशंट, बहुतेक सत्तरीपुढचे, आणि तक्रार एकच: "हल्ली माणसं पुटपुटतात." त्या बाईही तेच म्हणाल्या. गोऱ्या, जन्म जोहान्सबर्गचा, वय एकाहत्तर. (ओळख पटू नये म्हणून थोडं इकडचं तिकडे केलंय.)

चाचणीच्या आवाजबंद खोलीत हेडफोनमधून बारीक सूर ऐकू आला की बटण दाबायचं असतं. बाई सूर नसतानाही दाबत होत्या. कानात गुणगुण होते का, म्हणून विचारलं. "छे. आवाज व्हायच्या आधी कळायला हवा, ही लहानपणची खोड," म्हणाल्या.

बाहेर आल्यावर त्यांनी बेसिनचा नळ सोडला आणि मगच बोलायला बसल्या. जरा गलका असला की ऐकू येत नाही, ही तक्रार घेऊन आलेल्या बाई!

आईवडील दोघंही दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाविरुद्धच्या चळवळीत. घरात पोलिसांनी मायक्रोफोन दडवलेत असं धरूनच चालायचं. महत्त्वाचं बोलणं नळ सोडून, नाहीतर कागदावर लिहून. कागद लगेच जाळायचा. दोघांवरही सरकारचे बंदीहुकूम होते. चारचौघांत मिसळायचं नाही, त्यांचं एक वाक्यही पेपरात छापायचं नाही, आणि बंदीवाल्यानं दुसऱ्या बंदीवाल्याशी बोलायचं नाही. त्यामुळे नवराबायकोला एकमेकांशी बोलायलाही सरकारी सूट लागे. हिच्या नवव्या वाढदिवसाला मुलं अंगणात, वडील स्वयंपाकघरात एकटे. केकची बशी तिनं खिडकीतून आत दिली.

१९६३ च्या मे महिन्यात बिनखटला ९० दिवस डांबायचा कायदा आला, जुलैत जोहान्सबर्गजवळ रिव्होनियाला, चळवळीचे पुढारी जिथे लपून भेटत त्या शेतघरावर धाड पडली. त्यानंतर एका पहाटे आईला नेलं. बाईंना आठवतं ते असं: गाडीचं दार, हळूच लावलेलं. मग फाटकाची कडी. आई पायमोजे शोधत होती, एकच सापडत होता.

हिला सांभाळलं मोलकरणीनं. ती काळी. राहायची मागच्या अंगणातल्या खोलीत, काळ्यांना सक्तीचा असलेला परवाना, म्हणजे पास, कायम जवळ. स्वतःची मुलं मात्र गावी, आजीपाशी. त्यांना तिच्याजवळ राहायची परवानगीच नव्हती. "माझी आई नव्वद दिवसांनी परत आली. तिची मुलं तिला नाताळात भेटायची. आणि लोक मला विचारतात, बालपण कठीण गेलं का!"

आईवर राग? "होता. पण मी मोठी की चळवळ, असं विचारलं असतं तर ती 'चळवळ' म्हणाली असती. म्हणून विचारलंच नाही." पुढे सगळे इंग्लंडला आले, परत न येण्याच्या अटीवर मिळणाऱ्या परवान्यावर.

आमचे काका आणीबाणीत येरवड्याला होते. त्यांचे तुरुंगातले किस्से लग्नाकार्यात अजून रंगतात. चुलत बहिणीनं घरी ते महिने कसे काढले, हे कुणी विचारलेलं नाही. मीही नाही.

मग रिपोर्ट दाखवला. वयोमानाने होतं तेच: खालचे सूर शाबूत, वरचे गेलेले. हे समजावायला माझं ठरलेलं उदाहरण आहे, तेच तोंडातून निघून गेलं: "गाडीचं इंजिन ऐकू येईल, पण किल्ल्यांची खुळखुळ, कडीचा आवाज, ते नाही यायचं."

बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"म्हणजे आलेत ते कळणार. आत शिरलेत ते नाही."

यंत्राचं माप घेईपर्यंत नळ चालूच होता.