पॅरिसच्या बिस्त्रोत भरीत

जळगाव-भुसावळकडून पॅरिसला निघालेल्या मंडळींनी आधी वेळ लक्षात ठेवावी. चांगल्या बिस्त्रोचं, म्हणजे तिथल्या छोट्या साध्या रेस्टॉरंटचं, स्वयंपाकघर दुपारी साधारण बारा ते दोन आणि मग थेट संध्याकाळी सात-साडेसातनंतर चालतं. आत शिरताच 'बोंजूर' म्हणायचं, संध्याकाळ असेल तर 'बोंस्वार', आणि थांबायचं. टेबल तिथले वेटर दाखवतात.

'आंत्रे' म्हणजे इथं सुरुवातीचा पदार्थ. मुख्य जेवण ते 'प्ला'. 'मन्यू' म्हणजे ठरलेल्या किमतीत दोन-तीन पदार्थ. दुपारचं मन्यू बहुधा रात्रीपेक्षा बरंच स्वस्त पडतं, म्हणून महागड्या ठिकाणी मी दुपारीच जातो. नुसतं पाणी मागितलं तर बाटली येते आणि बिलात चढते. 'युन काराफ दो' म्हणा, नळाचं पाणी फुकट मिळतं. पावाचेही पैसे नसतात.

शाकाहारी माणूस फसतो तो रश्श्यात. कांद्याच्या सूपवर चीजचा थर असतो, पण खालचं पाणी बहुधा गोमांस-हाडं उकळून काढलेलं. सॅलडमधले 'लार्दों' म्हणजे डुकराच्या मांसाचे तुकडे. 'वेजेतारियें' एवढ्यावर भागवू नका. 'सां व्यांद, सां प्वासों, सां बुइयों द व्यांद' असं फोड करून सांगा: मांस नको, मासळी नको, मांसाचं पाणी नको. काही चीजमध्ये वासराच्या जठरातलं विरजण असतं. ते चालत नसेल तर तेही विचारा.

आणि कार्डावर 'काविआर दोबेरजीन' दिसलं तर सोडू नका. नावात काविआर, म्हणजे माशाची अंडी, असलं तरी ते वांग्याचं भरीत! जांभळी वांगी उभी चिरून ओव्हनमध्ये भाजतात, गर काढून लसूण, लिंबू, ऑलिव्ह तेल घालतात. करडा-हिरवट गोळा, वर तेलाचा ओघळ, शेजारी भाजलेल्या पावाचे काप. आपल्या हिरव्या वांग्यांना काड्यांच्या जाळावर जो धुराचा वास लागतो, तो इथं नाही. बंद ओव्हनमध्ये यायचा कुठून? फ्रिजमधून थेट आलं तर अळणी लागतं, कारण गारव्यानं चव दबते. दहा मिनिटं तसंच राहू द्या, मग लसूण जाणवतो. तिखट हवं म्हणून 'पिमां देस्पलेत' मागाल तर ती मिरची सौम्य असते, रंग आणि वास देते, झणका नाही. हिरव्या मिरचीची सर तिला नाही.

बिल आपणहून आणत नाहीत. 'लादिसियों, सिल व्हू प्ले' म्हणावं लागतं. सेवाशुल्क किमतीतच धरलेलं असतं. वर टीप द्यायची की नाही, ते तुमच्या मनावर.