करवती काठ आणि सकाळचं ऊन

आज नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या वाड्यात करवती टसर (रानरेशमाच्या) साड्यांचं शूट केलं. काम आपल्या विदर्भातल्या विणकरांचं. काठावरचे ते करवतीचे दात समोरून फ्लॅश मारला की पार सपाट होतात. म्हणून फ्लॅश बंदच ठेवला आणि चौकात तिरपं येणारं ऊन धरलं. ८५ एमएम लेन्स लावली, मॉडेलला जरा खिडकीकडे वळायला सांगितलं, आणि एकेक दात उठून आला! टसरची ती मधाळ झाक तर काय सांगू.

ऊन चढायच्या आत आटोपलं. नागपूर आहे शेवटी.

'फॅशन करायची तर मुंबई गाठ,' सगळेच म्हणतात. फॅशन फोटोग्राफर गौतम राजाध्यक्षांचे फोटो बघत मोठी झाले, मुंबई खुणावतेच. पण हा काठ आधी मला टिपायचाय. पुढचं शूट विणकरांच्या घरी, थेट मागावर.