हॉस्पिटलकडून केसपेपर काढताना आलेला अनुभव (नागपूर)

आईची ग्राहक आयोगातली केस संपली, आई पण आता बरी आहे, पण त्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूमच्या खिडकीचा राग माझा अजून उतरला नाही, म्हणून लिहून राहिले. आमच्या नात्यात, कॉलनीत आता कोणालाही असं काही झालं की मलाच फोन येतो आणि मी पहिला प्रश्न हाच विचारते, आयपीडीचे, म्हणजे भरती असतानाचे, पेपर हातात आले का?

थोडक्यात सांगते. आईला पित्ताशयात खडे होते, शहरातल्या एका खाजगी हॉस्पिटलमध्ये दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, डिस्चार्ज दिला. घरी आल्यावर पोट फुगलं, ताप, डोळे पिवळे. फोन केला की उत्तर एकच, गॅस आहे, चालवा त्यांना. शेवटी दादाने दुसरीकडे नेलं, तिथे एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकेचा एमआरआय, केली तर पित्तनलिकेला इजा झालेली, पोटात पित्त साचलेलं. स्टेंट, मग मोठं ऑपरेशन.

दुसऱ्या हॉस्पिटलचे सर्जन फार सरळ माणूस. ते म्हणाले, हे बघा, नलिकेला इजा होणं हे या ऑपरेशनमधलं माहीत असलेलं कॉम्प्लिकेशन आहे, चांगल्या सर्जनच्या हातूनही होतं, तेवढ्यावरून निष्काळजीपणा ठरत नाही. कायदाही तेच सांगतो. सुप्रीम कोर्टाने 2005 च्या जेकब मॅथ्यू केसमध्ये सांगितलंय की त्या विषयातल्या साधारण कुशल डॉक्टरने जेवढी काळजी घेतली असती तेवढी घेतली का, हे बघायचं, रिझल्ट वाईट आला म्हणून डॉक्टर दोषी असं नाही. म्हणजे आमचा प्रश्न वेगळा होता. इजा झाल्याचं त्यांच्या लक्षात कधी यायला पाहिजे होतं, आणि लक्षणं दिसत असताना आईला घरी काहून पाठवलं? याचं उत्तर डिस्चार्ज कार्डवर नसतं, तिथे तर 'प्रकृती स्थिर' एवढंच असतं. उत्तर असतं नर्सिंग चार्टमध्ये, ओटी नोट्समध्ये, म्हणजे ऑपरेशनच्या नोंदींमध्ये. ते सगळं हॉस्पिटलच्या कपाटात.

आणि इथून सुरू झालं. रेकॉर्ड रूम बेसमेंटमध्ये, पार्किंगच्या बाजूला, एक छोटी खिडकी, त्याच्यामागे एक दादा. पहिल्यांदा गेले तर, "काहून ताई, डिस्चार्ज कार्ड भेटलं ना, आणखी काय पाहिजे?" मी म्हटलं पूर्ण फाईलची झेरॉक्स पाहिजे. मग म्हणे फाईल इन्शुरन्सवाल्यांकडे गेली, टीपीएकडून (विमा कंपनीसाठी क्लेम बघणारी संस्था) यायची आहे. आईचं बिल आम्ही कॅश भरलेलं, कॅशलेस नव्हतंच, तर टीपीए कुठून आला? ते सांगितलं तर म्हणे डॉक्टरांची सही लागते, डॉक्टर ओटीत आहेत. दुपारी या. दुपारी खिडकी बंद. दुसऱ्या वेळी दुसरी मॅडम, तिला पहिल्याने काय सांगितलं ते माहीतच नाही, ती म्हणे पेशंटला स्वतः यावं लागेल. आई तेव्हा पोटात नळी घेऊन बेडवर पडलेली, तिला मी मे महिन्याच्या उन्हात बेसमेंटमध्ये आणून उभं करू का? एकदा म्हणाले पोलिसांचं पत्र आणा, एकदा म्हणाले कोर्टाची ऑर्डर आणा. सर्वात संताप आला तो अर्जावर. मी लिहून नेलेला अर्ज ते घ्यायला तयार, पण माझ्या कॉपीवर रिसीव्ड म्हणून शिक्का मारायला तयार नाहीत. "ठेवून जा ना ताई, आम्ही कळवतो." शिक्का नाही म्हणजे मी अर्ज दिलाच नाही असं उद्या म्हणायला ते मोकळे.

यातलं काहीही त्यांना मागता येत नाही, हे लक्षात ठेवा. भारतीय वैद्यक परिषदेचे 2002 चे आचारसंहितेचे नियम आहेत, त्यातला 1.3.2 सांगतो की पेशंटने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने रेकॉर्ड मागितलं तर पोच द्यायची आणि 72 तासांत कागद द्यायचे. न देणं हे त्याच नियमांत गैरवर्तन धरलंय. मुंबई हायकोर्टाने तर 1996 मध्येच सांगून ठेवलंय की हॉस्पिटलला केसपेपर अडवून ठेवता येत नाहीत. 2023 मध्ये नवीन नियम आले होते पण ते लगेच स्थगित झाले, त्यामुळे 2002 चेच चालू आहेत. कोर्टाची ऑर्डर लागत नाही, पोलीस लागत नाहीत, कारणही सांगायचं नसतं. पेशंटने सही केलेलं अधिकारपत्र आणि दोघांचे आधार, बस. झेरॉक्सचा खर्च ते घेऊ शकतात, तो देऊन टाका, त्यावर भांडू नका.

शेवटी मी खिडकीवर जाणंच सोडलं. आईची सही घेतली, अर्जात नियमाचा नंबर लिहिला, 72 तास लिहिलं, काय काय पाहिजे ते एकेक लिहिलं आणि स्पीड पोस्टने मेडिकल डायरेक्टरच्या नावाने पाठवला, ट्रॅकिंगचा 'डिलिव्हर्ड' चा प्रिंट काढून ठेवला, तोच अर्ज हॉस्पिटलच्या ईमेलवर. तरी शांतता. मग दुसरं पत्र, त्याची प्रत महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलला आणि मनपाच्या आरोग्य विभागाला, कारण शहरातल्या खाजगी हॉस्पिटलची नर्सिंग होम कायद्याखाली नोंदणी मनपाकडे असते. त्या मनपाच्या प्रतीने काम केलं असं माझं ठाम मत आहे. फोन आला, मॅडम, पेपर तयार आहेत, घेऊन जा. ज्या खिडकीवर महिनोन्महिने फाईल सापडत नव्हती तिथे ती आता वरच ठेवलेली होती. मी तिथेच, त्या खिडकीपाशी उभं राहून पान अन् पान बघितलं, दोन तारखांमधलं एक शीट गायब होतं, ते आणून देईपर्यंत हलले नाही आणि प्रत्येक पानावर शिक्का-सही घेतली. याचा मला अजूनही अभिमान आहे.

आणि त्या नर्सिंग चार्टमध्येच सगळं होतं. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रेनमधून, म्हणजे पोटातल्या नळीतून, हिरवट पाणी, म्हणजे पित्तच, सिस्टरने स्वच्छ अक्षरात लिहिलेलं, पल्स वाढलेली, खाली 'सरांना कळवले'. त्याच्यानंतर ना रक्ताची तपासणी, ना सोनोग्राफी, आणि पुढच्या दिवशी ड्रेन काढून डिस्चार्ज. ज्या सिस्टरने ते लिहिलं तिला मी ओळखत नाही, पण आमची केस तिच्या त्या दोन ओळींवर उभी राहिली. कन्सेंट फॉर्म पण बघा, आमच्या फॉर्मवर दादाची सही होती आणि धोक्यांची जागा कोरी. आई शुद्धीत, सही करू शकणारी, तरी तिची सही नाही! संमती पेशंटचीच आणि समजावून घेतलेली पाहिजे, हे 2008 च्या समीरा कोहली केसमध्ये आहे.

बाकीचं मग सुरळीत झालं. तक्रार, प्रतिज्ञापत्र, कागद. वकील सक्तीचा नाही, आम्ही केला. फी बद्दल सगळे घाबरवतात, पण 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात किती भरपाई मागता यावर काही नाही, हॉस्पिटलला किती पैसे भरले यावर आयोग आणि फी ठरते. बिल 5 लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, आणि 50 लाखांपर्यंत जिल्हा आयोगच. आता तक्रार ऑनलाइन ई-जागृती या सरकारी पोर्टलवर टाकता येते. एफआयआर करा म्हणणारे पण खूप भेटतील. फौजदारीत घोर निष्काळजीपणा लागतो, आणि मेडिकल कौन्सिलकडे गेलात तर डॉक्टरच्या नोंदणीवर कारवाई होऊ शकते, भरपाई मिळत नाही. आम्हाला दुसऱ्या ऑपरेशनचा खर्च पाहिजे होता, म्हणून आयोग.

तज्ज्ञाचं मत प्रत्येक केसमध्ये लागतंच असं नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2010 मध्ये किशन राव केसमध्ये सांगितलंय. पण मिळालं तर घ्याच. गावातला डॉक्टर गावातल्या डॉक्टरविरुद्ध लिहून देत नाही, आम्हाला बाहेरगावच्या एका रिटायर्ड सर्जनने दिलं.

विम्याचं सांगायचं राहिलं. ऑपरेशन करणारे डॉक्टर आधी फोनवर बोलायचे, आम्ही नोटीस पाठवल्यावर एकदम गप्प. आई म्हणे, माणूस एवढा कसा बदलला? माझ्या मैत्रिणीचे मिस्टर जनरल इन्शुरन्समध्ये होते, त्यांनी समजावलं. डॉक्टरांची प्रोफेशनल इंडेम्निटी पॉलिसी असते, म्हणजे पेशंटच्या दाव्यांसाठीचा विमा, त्यात अट असते की दावा आला की लगेच कंपनीला कळवा आणि कंपनीच्या परवानगीशिवाय चूक कबूल करू नका, नाहीतर कव्हर जाऊ शकतं. म्हणून ते बोलत नाहीत. हे कळल्यावर आईचा राग थोडा कमी झाला, माझा नाही. ही पॉलिसी बहुतेक 'क्लेम्स मेड' असते, म्हणजे दावा ज्या वर्षी येतो त्या वर्षी पॉलिसी चालू पाहिजे, आणि घटना पॉलिसीत लिहिलेल्या रेट्रोअॅक्टिव्ह तारखेच्या (जिच्यापासूनच्या घटना कव्हर होतात ती) नंतरची पाहिजे. मध्ये रिन्यूअल तुटलं की जुन्या केसेस उघड्यावर. माझी मामेबहीण फिजिओथेरपिस्ट आहे, तिला मी बजावून ठेवलंय, एक दिवसही गॅप पडू देऊ नको. आमच्यात डॉक्टरांनी उत्तरात पॉलिसी दाखवली, विमा कंपनी पण पार्टी झाली. कंपनीचा करार डॉक्टरशी असतो, आपल्याशी नाही, म्हणून आदेश डॉक्टर आणि हॉस्पिटलवर झाला आणि कंपनीने पॉलिसीच्या मर्यादेत पैसे भरले. मागितले तेवढे नाही मिळाले, पण दुसऱ्या ऑपरेशनचा खर्च निघाला. समोरच्याला अपील करायचं असेल तर आदेशाच्या रकमेतली निम्मी आधी भरावी लागते, तेव्हा 'अपिलात जाऊ' ऐकून घाबरून कमीत सेटल करू नका.

तक्रारीची मुदत दोन वर्षं आहे, आणि कागदांसाठी पत्रं लिहीत बसलात म्हणून ती वाढत नाही. उशीर माफ करता येतो, पण कारण पटवावं लागतं. हॉस्पिटलने पेपर नाहीच दिले तरी तक्रार टाका, आयोगाला ते मागवता येतात, आणि नकाराची पत्रं तुमच्याच कामी येतात. इनडोअर रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ठेवायचंच असतं, तेव्हा 'नष्ट झालं' हे ऐकून घेऊ नका. आणि अर्जात एक गोष्ट नक्की लिहा जी आम्हाला त्या सरळ सर्जननी सांगितली, दुर्बिणीच्या ऑपरेशनचं बऱ्याच ठिकाणी रेकॉर्डिंग होतं, त्याची कॉपी मागा, आणि एमआरसीपी, सीटीचे नुसते रिपोर्ट नको, सीडी पण मागा.