आमची वाटचाल : वखारीतून नॅशव्हिलला

बेळगावातली आमची वखार आप्पांनी उभी केली ती देव्हारे, झोपाळे आणि चौकटींवर. शिसवी दांडेलीच्या सरकारी डेपोत लिलावात घ्यायची, फॉरेस्टचा पास हातात पडला की ट्रकमध्ये भरायची, वखारीत आणून दोन पावसाळे सावलीत ठेवायची आणि मग मिस्त्रींच्या स्वाधीन करायची. यात गिटारचा कुठे संबंधच नव्हता. बंगळूरचा एक व्यापारी मात्र दर दोन-तीन महिन्यांनी यायचा आणि उरलेल्या मालातले सरळ रेषांचे, हातभर लांबीचे तुकडे निवडून न्यायचा. पैसे रोख आणि बरे, त्यामुळे कशाला नेतोस हे आप्पांनी कधी विचारलं नाही.

मी विचारलं. गिटार वाजवताना डाव्या हाताची बोटं जिच्यावर दाबायची ती काळपट पट्टी त्यातून होते, असं कळलं. पूर्वी तिला ब्राझीलची शिसवी वापरत. ती दुर्मीळ झाली, १९९२ मध्ये तिच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय बंदीच आली, आणि आपल्या सह्याद्रीतल्या शिसवीचा भाव वधारला. मग मधला माणूस कशाला, असं माझ्या तरुण डोक्यात आलं. मेलामेली करून २००९ मध्ये अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या एका गिटार बनवणाऱ्या कारागिराला दोनशे पट्ट्या थेट पाठवल्या. पैसे आले. दीड वर्षाने तक्रारही आली.

तिचं काही करावं तोवर दुसरंच काही घडलं. २४ ऑगस्ट २०११ ला अमेरिकी सरकारच्या अधिकाऱ्यांनी गिटार बनवणाऱ्या गिब्सन कंपनीच्या नॅशव्हिल आणि मेम्फिस इथल्या कारखान्यांवर छापे घातले आणि भारतातून आलेलं शिसवी व एबनी (आबनूस) लाकूड जप्त केलं. वाद असा होता : भारतातून चिरलेलं लाकूड निर्यात करायला मनाई, पण वाद्याचा तयार भाग पाठवायला हरकत नाही. मग आमची पट्टी हे चिरलेलं लाकूड की वाद्याचा भाग? कस्टमच्या भाषेत चिरलेल्या लाकडाचा आकडा ४४०७ की वाद्यांच्या भागांचा ९२०९? आम्ही आजवर कागदावर सीएचए (कस्टमचं काम बघणारा एजंट) सांगेल तो आकडा टाकत आलो होतो. छाप्याची बातमी आली आणि तिकडची गिऱ्हाइकं मेलला उत्तर देईनाशी झाली.

२०१२ च्या जुलैत कर्ज काढून नॅशव्हिलला गेलो. तिथे उन्हाळ्यात वाद्यांच्या व्यापाऱ्यांचं मोठं प्रदर्शन भरायचं. स्टॉल घ्यायची ऐपत नव्हती. पिशवीत बारा पट्ट्या घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर. विमानतळावरच एक बँड वाजत होता तेव्हा वाटलं, कुणी मंत्री येत असेल. नंतर कळलं, तिथे रोजच वाजतो. ब्रॉडवे नावाच्या रस्त्यावर सकाळपासून प्रत्येक बारमध्ये गाणं चालू. आत जायला तिकीट नाही. गाणारे बऱ्याच अंशी टिपवर जगतात आणि दर दोन-तीन गाण्यांनंतर बादली फिरते. इतकं तयारीचं वाजवणारी पोरं बादली फिरवताना बघून मला आपले तमाशातले ढोलकीवाले आठवले. बाकी, तिखट कोंबडी खाल्ली ती ब्रेडच्या स्लाइसवर, वर काकडीच्या लोणच्याच्या चकत्या. तांबड्या रश्श्यावर वाढलेला मी, पण डोळ्यांत पाणी आलं हे कबूल करतो.

प्रदर्शनात लाकूड वाईट आहे असं कुणी म्हणालं नाही. पट्टी हातात घ्यायचे, नखाने टिचकी मारून कानाशी धरायचे, मान डोलवायचे आणि परत ठेवायचे. 'कागद कुठले आहेत?' हाच प्रश्न. एका बाईंनी विचारलं, 'ही पट्टी कुठल्या झाडाची, सांगू शकाल?' मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी त्या जुन्या गिऱ्हाइकाकडे गेलो, माफी मागायलाच म्हणा. गावाबाहेर गॅरेजएवढा कारखाना, सत्तरीचा माणूस. मला साखर घोळलेला गार चहा दिला (आपला उसाचा रस फिका पडेल), आणि काही न बोलता खुंटीवरची गिटारची एक मान काढली. माझा अंगठा धरला आणि पट्टीच्या कडेवरून खालपर्यंत फिरवला. करवतीच्या दात्यांसारखं टोचलं. पट्टीत आडव्या ठोकलेल्या धातूच्या तारा होत्या तेवढ्याच राहिल्या होत्या. लाकूड आडवं आकसलं होतं, म्हणून तारांची टोकं बाहेर आली होती.

'बेळगावात हवा कशी असते?' त्यांनी विचारलं. मी सांगितलं, जूनमध्ये दार चौकटीत अडकतं आणि फेब्रुवारीत त्याच दाराच्या फटीतून उजेड येतो. ते म्हणाले, 'मग तुम्हाला हे माहीत होतं.' माहीत होतंच की! चौकट करताना आम्ही ते धरून चालतो, पट्टी करताना धरलं नव्हतं. आमच्या सावलीत वाळलेल्या लाकडात तेरा-चौदा टक्के ओल असते. त्यांना हवं होतं सहा ते आठ.

संध्याकाळी ते मला एका स्टुडिओत घेऊन गेले, त्यांची गिटार कुणाला तरी द्यायची होती. वाजवणाऱ्यांपुढे नोटेशन नव्हतं, चिठ्ठीवर नुसते आकडे : १, ४, ५, १. गायिकेने दोनदा म्हणून बघितलं, जमेना, म्हणून सूर खाली घ्यायला सांगितला. चिठ्ठी कुणी बदलली नाही, त्याच आकड्यांवर सगळे खालच्या सुरात वाजवू लागले. मी वाकून बघितलं आणि हळूच म्हटलं, सा, म, प, सा. लहानपणी पेटीच्या क्लासला बाई हेच सांगायच्या, सुराची पट्टी काळी दोन असो की पांढरी चार, सरगम तीच. त्या गावात याला नॅशव्हिल नंबर पद्धत म्हणतात. १९५० च्या दशकाच्या शेवटी स्टुडिओतल्या गायक-वादकांनी सोयीसाठी काढली. मी सा-म-प म्हणाल्यावर म्हाताऱ्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

निघायच्या दिवशी ग्रँड ओल ऑप्रीचा रंगमंच बघितला. हा रेडिओ कार्यक्रम १९२५ पासून चालू आहे. १९७४ मध्ये तो रायमन सभागृहातून नव्या इमारतीत गेला, तेव्हा जुन्या रंगमंचाचा सहा फुटांचा गोल कापून नव्यात बसवला. २०१० च्या पुरात तो पाण्याखाली गेला. दुरुस्त करून पुन्हा तिथेच बसवलाय. लोक त्यावर उभे राहून फोटो काढत होते. मी खाली बसून जोड बघत होतो. ओकचं लाकूड, आणि जोडात नख शिरत नव्हतं.

परत आल्यावर महिन्याभरात गिब्सनच्या त्या प्रकरणात तडजोड झाल्याचं कळलं, पण आम्ही वाट बघत बसलो नव्हतो. लाकूड वाळवायची भट्टी घेतली, वखारीच्या मागची खोली बंद करून तिथे हवेची ओल कायम राखायची व्यवस्था केली. आप्पांना तो खर्च वेडेपणाचा वाटला, 'लाकडाला एसी?' असं ते येईल त्याला सांगत. दुसरं काम पेन्सिलचं. डेपोतला लॉट, पासाचा नंबर, ओंडक्याचा नंबर, तो प्रत्येक पट्टीच्या मागे. २०१७ च्या जानेवारीत सगळ्या शिसवीवर सायटिसचं (दुर्मीळ वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचं) नियंत्रण आलं, तेव्हा आमच्या व्यवसायातले बरेच जण कागद शोधत होते. आमच्याकडे ते पट्टीवरच होते. तरीही त्या वर्षी निम्मा धंदा बसला, ते लपवत नाही. २०१९ च्या नोव्हेंबरात तयार वाद्यांना आणि त्यांच्या भागांना सूट मिळाली आणि श्वास घेतला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं, तेव्हा पुन्हा दोन गिऱ्हाइकं थांबली. सध्या देव्हारे जास्त करतोय. बेळगाव-कोल्हापूरकडे त्यांना मागणी कधी गेलीच नव्हती.

म्हाताऱ्याने निघताना ती खराब झालेली मान मला देऊन टाकली होती. ती ऑफिसात खुंटीवर आहे. नवा पोरगा कामाला लागला की मिस्त्री आधी त्याचा अंगठा धरून तिच्या कडेवरून फिरवतात.