कूपनच्या मागचं घड्याळ

लंडनच्या एका साप्ताहिकाचा १९०८ चा बांधीव खंड मुंबईतल्या एका जुन्या ग्रंथसंग्रहातून स्कॅनिंगला आला होता. पानं ४०० डीपीआयला (इंचाला ४०० ठिपके) घेऊन झाली आणि ओसीआरने, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने, काढलेला मजकूर माझ्याकडे तपासणीला आला. विजेच्या मदतीने एकच वेळ दाखवणाऱ्या घड्याळांवरचा एक लेख वाचताना गाडी अडली. वाक्य मिनिटकाट्याचं होतं, ते मध्येच लोकरीच्या बाजारभावात शिरलं, काही ओळी भाव चालले आणि पुन्हा घड्याळ सुरू झालं.

जुन्या वृत्तपत्रांत ओसीआर रकाने मिसळतो, हे नेहमीचंच. मधली रेघ पुसट असली की डावीकडची ओळ थेट उजवीकडच्या रकान्यात जाते. पण मग घुसलेला मजकूर शेजारच्या रकान्यात सापडायला हवा. लोकरीचे भाव त्या पानावर कुठेच नव्हते. लेख पान १२ वर आणि भाव पान १० वर. हा दोन पानांचा फरक दिसला की एकच शंका घ्यायची: कागदाला भोक आहे. पान १२ उलटून डावीकडे पडलं की त्याच्याखाली पान १० वर तोंड करून असतं. रकान्यांची रुंदी सगळीकडे सारखी, ओळींमधलं अंतरही सारखं. कापलेली कड रकान्याच्या रेघेला लागून असेल, तर पडद्यावर काही खटकत नाही.

कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना दिवे असल्यामुळे भोकाच्या कडेची सावली पडत नाही. खात्री करायची तर एक दिवा बंद करायचा आणि दुसरा जवळजवळ पानाच्या पातळीला आणायचा. तसं करताच चौकोनाची कड उठून दिसली. चारही बाजू सरळ, आणि कोपऱ्यांत पात्याचे टोकदार चिरे कडेच्या पुढे गेलेले. कात्रीचं काम नव्हे, चाकूचं. तेच पातं खालच्या पान १३ वरही उमटलं होतं. अशा ओरखड्यावर हा लाकडाच्या लगद्याचा कागद पुढे हमखास फाटतो, म्हणून तिथे मागून पातळ जपानी टिश्यूची काही मिलिमीटर रुंदीची पट्टी लावली. गव्हाच्या स्टार्चची खळ जवळजवळ कोरडी हवी. पाणी जास्त झालं तर कागदातली पिवळी घाण ओल्या भागाच्या कडेला जमते आणि तपकिरी रेघ कायमची राहते. पट्टीवर टीपकागद, त्यावर काच आणि वजन.

आता कापलं काय, तर मागच्या बाजूचं, म्हणजे पान ११ वरचं, चित्रकोड्याचं कूपन. अशा स्पर्धेत दर आठवड्याला काही चित्रं छापत आणि प्रत्येक चित्रातून एक नाव ओळखायचं असे, कधी गावाचं, कधी रेल्वे स्टेशनचं. बैल आणि नदीचा उतार दाखवला की ऑक्सफर्ड. सोपी चित्रं सगळ्यांनाच येत. निकाल लागे तो दोन-दोन नावं बसतील अशा चित्रांवर, आणि त्यातलं खरं कोणतं हे संपादक ठरवत. म्हणून वाचक एकाच अंकाच्या जास्त प्रती घेऊन वेगवेगळी उत्तरं भरत. उत्तर छापील कूपनवरच चाले. कितीतरी स्पर्धा अनेक आठवडे चालत आणि सगळी कूपनं शेवटी एकत्र पाठवायची असत, त्यामुळे डाकबोटीवर अवलंबून असलेल्या मुंबईच्या वाचकालाही आशा असे. आपल्याकडच्या जुन्या अंकांतही हीच भोकं भेटतात. केंद्राच्या १९५५ च्या बक्षीस स्पर्धा कायद्याने शब्दकोड्यांबरोबर चित्रस्पर्धांचंही नाव घेऊन महिन्याला एकूण १,००० रुपयांची बक्षिसं आणि एका स्पर्धेला २,००० प्रवेशिका अशी मर्यादा घातली. त्याआधीच्या खंडांत बक्षिसाचं पान आलं की त्याची मागची बाजू आधी तपासावी.

या भोकाने केलेलं नुकसान वरवर दिसतं त्यापेक्षा मोठं होतं. भोकाच्या वर लिहिलं होतं, घड्याळ ‘दर तासाला’ दुरुस्त होतं. खाली लिहिलं होतं, काटा ‘दर अर्ध्या मिनिटाला’ सरकतो. मधल्या ओळी नसल्या तर वाचणारा या दोन्ही गोष्टी एकाच यंत्राच्या धरणार, आणि त्या एकाच्या नाहीत.

दर तासाची पद्धत घड्याळजी लंड यांची, पेटंट १८७६ चं. घड्याळ साधं, स्वतःच्या किल्लीवर चालणारं. तबकडीत बाराच्या आकड्यापाशी फट असते. तासाच्या ठोक्याला तारेतून विजेचा इशारा आला की विद्युतचुंबक ओढला जातो, फटीतून दोन खुंट्या चिमट्यासारख्या जवळ येतात आणि मिनिटकाटा पकडून बरोबर बारावर आणतात. काटा त्यांच्या टप्प्याबाहेर गेला असेल तर काहीच होत नाही. तार तुटली तरी घड्याळ चालूच राहतं, फक्त स्वतःच्या चुकीनिशी.

अर्ध्या मिनिटाची पद्धत इंग्लिश घड्याळतज्ज्ञ होप-जोन्स आणि बोवेल यांची, मूळ १८९५ ची; पुढे सुधारलेल्या रूपात ती अशी चाले. मुख्य घड्याळाचा सेकंदाचा लंबक दर दोन सेकंदांनी १५ दात्यांच्या चाकाचा एक दाता ओढतो. फेरी ३० सेकंदांत पुरी झाली की एक वजनदार भुजा सुटते, लंबकाला ढकलते आणि संपर्कावर टेकते. विजेचं मंडल पुरं होतं, चुंबक भुजेला परत वर फेकतो, आणि तोच प्रवाह एका माळेत जोडलेल्या सगळ्या तबकड्यांतून जाऊन प्रत्येक काटा अर्धा मिनिट पुढे टाकतो. इथे तार तुटली की सगळ्या तबकड्या जागच्या जागी थांबतात.

त्या वर्षी हा विषय लंडनमध्ये तापलेला होता. जानेवारीत सर जॉन कॉकबर्न यांनी ‘द टाइम्स’ला पत्र लिहून रस्त्यावरच्या ‘खोटं बोलणाऱ्या घड्याळां’ची तक्रार केली होती. रूथ बेल्व्हिल अजून ग्रिनिचच्या वेधशाळेतून क्रोनोमीटर (अतिशय अचूक घड्याळ) लावून आणून गिऱ्हाइकांना वेळ विकत होत्या. अशा वादातल्या लेखात कोणती पद्धत कुठे संपते हेच हरवलं, तर लेखच उलटा वाचला जाईल.

यंत्रं माहीत असल्यामुळे त्या ओळी अंदाजाने लिहिता आल्या असत्या. तसं करू नये, असं माझं ठाम मत आहे. गेलेली ओळ लेखकाची असते. दुसऱ्या ग्रंथालयातल्या प्रतीत ते कूपन शाबूत होतं, त्यामुळे मागचा मजकूरही मिळाला. तो स्वतंत्र फाइल म्हणून जोडला, कोणत्या प्रतीतून घेतला ते नोंदवलं, आणि आमच्या पानाच्या चित्रातलं भोक तसंच ठेवलं. पान पुन्हा स्कॅन केलं ते मागे काळा कागद सरकवून. भोक काळं येतं आणि ओसीआर तिथे काही वाचत नाही. मग त्या स्पर्धेचे सगळे आठवडे काढून कापलेल्या प्रत्येक कूपनच्या मागे काय होतं याची यादी केली. बहुतेक ठिकाणी जाहिराती गेल्या होत्या. ज्या पानांवर लेख गेले, त्यांची मागणी दुसऱ्या ग्रंथालयाकडे एकत्रच पाठवली.