तुम्ही विचारलंत म्हणून: हवामानबदलावरच्या फिल्ममध्ये फक्त कुकर का?

माझी एक मिनिटाची ॲनिमेशन फिल्म पाहिली की बरेचजण हाच प्रश्न विचारतात. विषय हवामानबदलाचा, आणि पडद्यावर एक शेगडी, एक कुकर आणि गॅस बारीक करणारा हात. वितळणारा बर्फ नाही, रडणारी पृथ्वी नाही, पूर नाही. विचारणाऱ्यांच्या आवाजात थोडी निराशाही असते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी कुकरबद्दल. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे उघड्या पातेल्यातलं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. कुकरमध्ये वाफ कोंडली की तापमान १२० अंशांच्या जवळ जातं, म्हणून तूरडाळ लवकर शिजते. पण शिट्टी झाली याचा अर्थ दाब जेवढा वाढायचा तेवढा वाढला. त्यानंतर ज्योत कितीही मोठी ठेवा, आतलं तापमान वाढत नाही. जास्तीची उष्णता वाफेबरोबर बाहेर पडते. नळाचं पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या सुमारे सातपट उष्णता त्याच पाण्याची पूर्ण वाफ करायला लागते. शाळेत आपण अप्रकट उष्म्याची गणितं सोडवतो ती हीच, पण ओट्याशी उभं राहिल्यावर ती कुणाला आठवणार? म्हणजे पहिल्या शिट्टीनंतर गॅस बारीक केला तरी डाळ तेवढ्याच वेळात शिजते आणि सिलिंडर जास्त दिवस पुरतो.

ही गोष्ट कॅमेऱ्याने दाखवता येत नाही. कॅमेऱ्याला कुकर बाहेरूनच दिसतो, आणि बाहेरून पाहिलं तर जोरात शिट्ट्या देणारा कुकर जास्त काम करतोय असंच वाटतं. ॲनिमेशनमध्ये मला कुकरची एक बाजू कापून आत शिरता आलं. खालच्या डब्यात डाळ, वरच्यात तांदूळ, तळाशी पाणी. उष्णतेचे केशरी ठिपके केले. मोठ्या ज्योतीवर ते झुंडीने वर चढतात, डाळीला हवे तेवढे डाळीपाशी थांबतात आणि उरलेले सगळे शिट्टीतून बाहेर पडतात. मग हात येतो, बटण फिरवतो. ठिपके कमी होतात, बाहेर जाणारी रांग जवळजवळ थांबते, आणि डाळ आधीसारखीच शिजत राहते. ते शिजत राहणं मी मुद्दाम लांबवलंय. पाहणाऱ्याच्या मनातली ‘गॅस बारीक केला की कच्चं राहील’ ही भीती तिथे जायला हवी.

शिट्टीची वाफ काढायला फार वेळ गेला. सेकंदाला चोवीस चौकटी, एक चित्र दोन चौकटींना वापरलं तरी मिनिटाला ७२० चित्रं होतात, आणि वाफेचा आकार प्रत्येक चित्रात बदलतो. नीट बघितलंत तर शिट्टीच्या तोंडाशी पांढरं काहीच नसतं. तिथे जराशी रिकामी जागा दिसते आणि पांढरा ढग त्याच्या वर सुरू होतो. खरी वाफ दिसतच नाही. दिसतात ते ती हवेत गार झाल्यावर तयार होणारे पाण्याचे बारीक थेंब. ती रिकामी जागा मी फिल्ममध्ये राखली आहे. ज्या बाईने आयुष्यभर कुकर लावलाय, तिला वाफ खोटी वाटली तर पुढचंही खोटं वाटेल.

आता पुराबद्दल. आमच्या सहकारनगरजवळून आंबिल ओढा वाहतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री त्याला आलेल्या पुरात माणसं गेली, घरं वाहून गेली. ‘तेच दाखवा, लोक हादरतील’ असं मला अनेकांनी सुचवलं. मी ते केलं नाही आणि करणारही नाही. ओढ्याच्या पात्रात काय काय बांधलं गेलं, भिंती कुठे घातल्या गेल्या, हे सगळं त्या रात्रीत आहे. त्या पुराचं खापर कुणाच्या स्वयंपाकघरावर फोडणं खोटं ठरेल. शिवाय हादरलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी नेमकं काय करणार? सवय बदलायची तर हाताला काम लागतं आणि ते कधी करायचं याची खूण लागते. कुकर ती खूण स्वतःच देतो, तीही पलीकडच्या खोलीत ऐकू जाईल अशी.

खरी अडचण वेगळीच होती, आणि ती आमच्या सोसायटीत स्वयंपाकाला येणाऱ्या एका मावशींनी सांगितली. “ताई, गॅस बारीक केला तर शिट्ट्या होणार नाहीत. मग शिजलं कसं कळायचं? मला पुढच्या घरी जायचं असतं.” बरोबर आहे. शिट्टी हेच त्यांचं घड्याळ. ते काढून घ्यायचं तर बदल्यात दुसरं द्यायला हवं, आणि मिनिटं मोजत उभं राहायला त्यांना सवड नाही. त्यांनाच विचारलं, कुकर होईपर्यंत तुम्ही काय करता? “भाजी निवडते.” म्हणून फिल्ममध्ये आता असं आहे: पहिली शिट्टी, गॅस बारीक, गवार मोडायला घ्यायची. ताटलीतली गवार संपली की गॅस बंद, आणि कुकर आपोआप पडू द्यायचा. डाळ भिजवलेली असेल तर दहा मिनिटं पुष्कळ होतात.

फिल्ममध्ये निवेदन नाही. गणेशोत्सवात सोसायटीच्या मांडवात ती दाखवायची होती, आणि तिथे मुलांच्या गलक्यात एकही वाक्य ऐकू येत नाही. शिट्टी मात्र येते.

राहिला ‘एवढ्याने काय होणार?’ हा प्रश्न. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि तो जळून सुमारे ४२ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. गॅसपेक्षा धूर जड कसा, असं लोक लगेच विचारतात. जळताना गॅसमधल्या कार्बनच्या प्रत्येक अणूला हवेतल्या ऑक्सिजनचे दोन अणू चिकटतात, वजन त्यांचं. बारीक गॅसने यातला काही भाग वाचतो. एक लिटर पेट्रोल जाळलं की सव्वादोन किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड निघतो, त्यामुळे ज्या घरात दोन गाड्या रोज डेक्कनला जातात, तिथे कुकरपेक्षा गाड्यांचा हिशेब मोठा आहे. आपली बरीचशी वीज कोळशावर होते आणि ते ओट्यापाशी उभं राहून बदलत नाही. त्यासाठी सरकारकडेच मागणी लावून धरावी लागेल. हे मी कुणापासून लपवत नाही. पण ज्या कामात चव बदलत नाही, वेळ जात नाही, पैसे वाचतात आणि जे रोज करता येतं, ते न करण्याचं कारण मला सापडत नाही.

पुढची फिल्म गीझरवर करते आहे. पंधरा लिटर पाणी २५ अंशांवरून ६० वर न्यायला साधारण ०.६ युनिट वीज जाते, आणि अंघोळ झाल्यावर चालू राहिलेला गीझर तेच पाणी पुन्हा पुन्हा तापवत बसतो. इथे खूण सापडणं अवघड आहे, कारण गीझर काहीच बोलत नाही. सध्या मी अंघोळीहून बाहेर पडणाऱ्याला घरातून येणारी हाक वापरून बघतेय: “गीझर बंद केलास का रे?” तुमच्या घरी ही हाक कोण मारतं, कधी मारतं आणि उत्तर काय येतं, ते मला जरूर कळवा. चित्रं काढायला घेण्याआधी मला ते हवं आहे.